घोडी, कुत्रा आणि बुचं

हॅलिफॅक्सला, गालिच्यांच्या बंद पडलेल्या गिरणीत
तळमजल्यावर आमचं दुकान.
पाटीवर नाव अजून एनिडच्या सासऱ्याचं.
येतात ती बहुतेक पितळी बँडची वाद्यं:
अडकलेल्या झडपांचे कॉर्नेट, पोचे पडलेले ट्युबा.
एका युफोनियममधून एकदा
लहान बाळाचा मोजा निघाला.

मी मिरजेचा. तंतुवाद्यांच्या गल्लीतला.
बावीस वर्षं पितळ ठोकतोय.
हाताला वास येतो सुट्ट्या पैशांचा.

मार्चमध्ये एक बाई तंबोरा घेऊन आल्या,
दुलईत गुंडाळून, आजारी माणसाला आणावं तसा.
आईचा होता म्हणाल्या, पोटमाळ्यावर सापडला.
"बाकी सगळं छान आहे,
फक्त ती भुणभुण तेवढी काढून टाका."

बाई, ती काढली तर उरेल काय?
लाकूड आणि भोपळा.
पण हे वाक्य मिरजेहून जिभेवर पोचेस्तोवर
बाई गाडीत बसलेल्या.

त्याच आठवड्यात गॅरेथ आला,
मेंढरांच्या औषधांचा फिरता विक्रेता.
काखेत त्याची पेटी: मूठ फिरवली की आत चाक फिरतं,
चाक तारांना घासतं,
आणि एका सैल लाकडी तुकड्यावर एक तार थरथरते.
त्या तुकड्याला ते लोक कुत्रा म्हणतात.
"भुंकत नाहीये," गॅरेथ म्हणाला,
चेहरा असा, की घरचाच कुत्रा गप्प झालाय.

मी त्याला तंबोऱ्याची घोडी दाखवली.
घोडी? हो, घोडी.
दोघं कितीतरी वेळ हसत होतो,
एनिडनं चहा दोनदा गरम केला.

मग ताफाड्झ्वा. रात्रपाळीची नर्स, डोळे सुजलेले.
तिच्या पाटीवर लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी वाजवायच्या,
आणि खाली बाटल्यांची बुचं, त्यातली चार गळलेली.
पूर्वी शंख लावायचे म्हणाली, गोगलगायींचे.
"खुळखुळलं नाही तर आमच्या म्हाताऱ्यांना
वाट सापडत नाही.
आणि इथवर यायचं म्हणजे आधीच लांब."
वाद्य ठेवायला तिच्याकडेही भोपळाच,
अर्धा कापलेला.
तिनं तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारली,
बाजारात मारतात तशी.

अब्बा म्हणायचे,
नुसता स्वच्छ सूर म्हणजे अळणी अंडं.
घोडीवर तारेखाली सुताचा दोरा,
तो केसभर सरकवायचा, पुन्हा केसभर मागे,
आणि अचानक जवारी उघडायची:
सूर सांडायचा,
पोत्याला भोक पडून ज्वारी सांडावी तसा.

एक गोष्ट एनिडला सांगितलेली नाही.
गेल्या हिवाळ्यात कान तपासले.
काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं.
ऐकू आलं की दाबा.
कागदावरची रेघ बराच वेळ सरळ चालली
आणि मग विहिरीत पडली.
वरचे आवाज गेले म्हणे.
म्हणजे नेमके तेच, जिथे जवारी राहते.

म्हणून दुकान बंद झाल्यावर
दिवा एकच ठेवून
मी तंबोऱ्याची दांडी दातांत धरली
आणि तार छेडली.

कानात काही नाही.
पण कवटीत, जबड्यात, सोन्याच्या दाढेत
अख्खी गल्ली.
दोरा केसभर पुढे.
अजून केसभर.

शुक्रवारी बाई आल्या. मी कानांनी नाही,
त्यांच्या चेहऱ्यावर ऐकलं.
त्यांनी तार छेडली, भुवया वर गेल्या,
मग तळवा भोपळ्यावर ठेवला आणि तसाच ठेवला.
ओठ हलले. काय म्हणाल्या
ते मी पुन्हा विचारलं नाही.

बिलावर लिहिलं:
घोडी साफ केली. खुंट्या बसवल्या.
भुणभुण तपासली, जागच्या जागी आहे.
तिचे पैसे लावलेले नाहीत.